‘नॉर्मल’ लिहिलेली ती पट्टी

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून): इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीत राहणाऱ्या ४७ वर्षांच्या भगिनींचे हे पत्र आहे. दोन महिन्यांपूर्वी एका लग्नाच्या स्वागत समारंभाहून परतल्यावर रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या यजमानांच्या (वय ५३) छातीत जळजळ सुरू झाली आणि डावा हात जड वाटू लागला. सव्वाबाराला ते जवळच्या एका नर्सिंग होममध्ये पोहोचले, तोवर त्रास बराच ओसरला होता. तिथे ईसीजी काढला. ‘नॉर्मल आहे, अ‍ॅसिडिटी दिसते’ असे सांगून इंजेक्शन देऊन त्यांना घरी पाठवले. पहाटे साडेतीनला यजमान घामाने भिजून उठले. तेव्हा बाईंनी ईसीजीची पट्टी त्यांच्यासमोर धरली आणि ‘हे बघा, नॉर्मल लिहिले आहे, उगाच घाबरू नका’ असे म्हणून थंड दूध दिले. सकाळी मोठे दीर आले व ‘टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची तपासणी) करून घेऊ’ म्हणाले. पण यजमानांचा चेहरा पाहून शेजाऱ्यांनी त्यांना साडेआठला मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या ईसीजीत किंचित बदल दिसले, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) वाढलेले निघाले, अँजिओग्राफीत सर्कमफ्लेक्स ही रक्तवाहिनी बंद आढळली आणि स्टेंट बसवावा लागला. आता ते घरी आहेत. ‘पंपिंग’ (हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतले किती रक्त बाहेर ढकलतो त्याचे माप) ४५ टक्के आहे. मोठे दीर पहिल्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायची म्हणतात. ७४ वर्षांच्या मधुमेही सासूबाई घाबरून दर महिन्याला ईसीजीचा हट्ट धरतात, आणि मुलाने सर्वांसाठी ईसीजी दाखवणारी घड्याळे मागवायचे ठरवले आहे. बाई विचारतात: “तो ईसीजी खोटा होता का? असेल तर त्यावर पुन्हा विश्वास कसा ठेवायचा? आणि ते पाच तास माझ्यामुळे गेले का? ती पट्टी फाडून टाकावी असे रोज वाटते.”

ताई,

तुमचे सगळे प्रश्न एकाच समजुतीवर उभे आहेत, आणि ती समजूत एकट्या तुमची नाही. ईसीजी म्हणजे निकालपत्र आहे, त्यावर एकतर ‘हार्ट अटॅक आहे’ असे येते किंवा ‘नाही’ असे येते, आणि ‘नाही’ आले की विषय संपला, असे आपल्याकडे बहुतेक घरांत धरून चालतात. इंदुरात फिजिशियन म्हणून काम करताना मी हीच समजूत सुशिक्षित कुटुंबांत पाहिली आहे, आणि खेदाने सांगते, काही डॉक्टरांच्या बोलण्यातही ऐकली आहे. म्हणून तुमच्या अपराधी भावनेकडे वळण्याआधी त्या कागदावर नेमके काय उमटते हे सांगते. त्याशिवाय माझे पुढचे बोलणे नुसते सांत्वन होईल आणि सांत्वनाने तुमचे समाधान होणार नाही, असे तुमच्या पत्रावरून वाटते.

हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्याच्या स्नायूतून विजेची एक सूक्ष्म लहर जाते. हातापायांवर चार आणि छातीवर सहा असे दहा इलेक्ट्रोड लावून यंत्र ती लहर बारा बाजूंनी टिपते. त्या प्रत्येक बाजूला ‘लीड’ म्हणतात. पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकते, आणि नेहमीच्या ईसीजीत साधारण दहा सेकंदांची नोंद असते. माणसाचे हृदय दिवसभरात सुमारे एक लाख वेळा ठोके देते. तुमच्या हातातल्या पट्टीवर त्यांतले जेमतेम डझनभर ठोके आहेत. त्या दहा सेकंदांत, त्या बारा बाजूंनी, विजेत काही बिघाड दिसला का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ती पट्टी देते. रक्तवाहिनीत अडथळा किती आहे, गुठळी कुठे धरली आहे आणि तासाभराने काय होईल, हे त्या कागदाला दिसत नाही.

म्हणून तो ईसीजी खोटा होता असे मी म्हणणार नाही. सव्वाबारा वाजता त्याला जे दिसले ते त्याने बहुधा खरेच सांगितले. पण तुमच्या पत्रातल्या दोन तपशिलांवर माझी नजर थांबली.

पहिला तपशील असा की तुम्ही पोहोचलात तोवर त्रास ओसरला होता. हार्ट अटॅक म्हणजे नळाची तोटी एकदाच कायमची बंद व्हावी तसे काही घडते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात रक्तवाहिनीच्या आतल्या चरबीच्या थराला चीर पडते, तिथे गुठळी धरू लागते, ती थोडी विरघळते, पुन्हा वाढते, आणि हा खेळ कित्येक तास चालू राहू शकतो. वाहिनी थोडी मोकळी झाली की कळ कमी होते आणि ईसीजीसुद्धा पूर्ववत दिसू शकतो. त्याच वेळी पट्टी काढली तर ती निर्दोष येते आणि घरातल्यांना हायसे वाटते. याच कारणाने छातीत दुखणाऱ्या माणसाचा पहिला ईसीजी रुग्णालयात पाऊल टाकल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे असा नियम आहे, आणि तो नॉर्मल असून संशय कायम असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढावा, कळ पुन्हा आली तर तत्क्षणी काढावा, असेही त्याच नियमाच्या पुढे लिहिलेले असते. पहिला अर्धा भाग आता बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. दुसरा मात्र रात्रीच्या ड्यूटीत हरवतो.

दुसरा तपशील सर्कमफ्लेक्सचा. ही वाहिनी हृदयाच्या डाव्या कडेने वळून मागच्या बाजूला जाते. आपण इलेक्ट्रोड लावतो ते छातीच्या पुढच्या व डाव्या बाजूला. पाठीवर एकही नसतो. त्यामुळे पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी बंद झाली तर छातीवरच्या लीड जणू ओरडून सांगतात, खालच्या भागाचा अटॅक पायाकडून पाहणाऱ्या लीडमध्ये दिसतो, पण सर्कमफ्लेक्सचा अटॅक बारा लीडच्या ईसीजीत फारच कमी उमटतो, आणि कधी मुळीच उमटत नाही. कधी त्याची खूण उलटी दिसते: पुढच्या लीडमध्ये रेषा वर जाण्याऐवजी खाली दबते, आणि ते पाहून अनुभवी डॉक्टरला पाठीमागे काही घडत असल्याची शंका येते. मग तो छातीवरच्या तीन तारा काढून डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली पाठीवर लावतो. त्यांना व्ही-७, व्ही-८ आणि व्ही-९ म्हणतात. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, खर्च नाही, दोन मिनिटे पुरतात. त्या लीडमध्ये रेषा अर्धा मिलिमीटर वर उचललेली दिसली तरी ती अटॅकची खूण मानतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे पट्टीवरच्या सर्वांत छोट्या चौकोनाचा अर्धा भाग.

या विद्येत निर्णय किती बारीक मापावर उभा असतो हे लक्षात यावे म्हणून हे सांगितले. ईसीजीतील ‘एसटी’ नावाचा तुकडा लागून असलेल्या दोन लीडमध्ये एक मिलिमीटर वर उचलला गेला तर मोठा अटॅक मानतात. पण व्ही-२ आणि व्ही-३ या दोन लीडमध्ये चाळिशीपुढच्या पुरुषासाठी ही मर्यादा दोन मिलिमीटर आहे, चाळिशीच्या आतल्या पुरुषासाठी अडीच आणि स्त्रीसाठी दीड. म्हणजे स्त्री आणि पुरुष यांच्या अगदी सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांचा अर्थ वेगळा निघू शकतो. उलटी चूकही होते. जुना रक्तदाब असल्याने हृदयाची भिंत जाड झालेल्या माणसाचा, हृदयाच्या आवरणाला सूज आलेल्याचा, किंवा अगदी निरोगी तरुणाचाही ईसीजी अटॅकसारखा भासू शकतो. आणि ज्याच्या हृदयात डावीकडे विजेची वाट आधीपासून अडलेली आहे, त्याच्या पट्टीत खरा अटॅक झाकला जातो.

आता तुमच्या पट्टीवरचा ‘नॉर्मल’ हा शब्द कोणी लिहिला आहे ते पाहा. तो छापील असेल तर तो यंत्राने लिहिला आहे. आजकालची यंत्रे रेषा मोजून वरच्या कोपऱ्यात आपले मत छापतात. ते मत डॉक्टरांनी तपासायचे असते, जसेच्या तसे रुग्णाच्या हाती द्यायचे नसते. खाली डॉक्टरांची सही आहे का, वेळ हाताने लिहिली आहे का, तेही पाहा, कारण यंत्राचे घड्याळ अनेकदा चुकलेले असते आणि पुढे दोन पट्ट्या ताडून पाहताना सगळा अर्थ वेळेवरच अवलंबून असतो.

इतके सगळे ऐकून ‘मग ईसीजी काढायचाच कशाला’ असे तुमच्या मनात येईल, आणि तिथे मला तुम्हाला थांबवायचे आहे. विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला लायडनमध्ये हे यंत्र सिद्ध केले, तेव्हा रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागत. त्या कामासाठी त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले. हॅरल्ड पार्डी यांनी १९२० मध्ये हृदयाची वाहिनी बंद झाल्यावर एसटीचा तुकडा कसा बदलतो ते दाखवले. शंभर वर्षे उलटली, तरी काही मिनिटांत, रुग्णाच्या खाटेशी, अगदी थोड्या पैशांत ‘या माणसाची वाहिनी आत्ता उघडावी लागेल’ हे सांगणारी दुसरी तपासणी अजून आलेली नाही. रक्तातले ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगते, पण त्याला वाढायला वेळ लागतो. साध्या चाचणीत ते कळ सुरू झाल्यापासून तीन-चार तासांच्या पुढेच नीट दिसते, म्हणून ती काही तासांनी पुन्हा करावी लागते. नव्या अतिसंवेदनशील चाचणीतही एक ते तीन तासांच्या अंतराने दोन नमुने घेतात. ज्याच्या ईसीजीत एसटी स्पष्ट उचललेला आहे त्याच्यासाठी ट्रोपोनिनची वाट पाहत बसणे चूक आहे. तिथे अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयाने ९० मिनिटांच्या आत वाहिनी उघडावी अशी अपेक्षा असते, आणि सोय दूर असून १२० मिनिटांत ते शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे तिथेच देऊन मग पुढे पाठवतात. देवास, धार, खरगोनकडे ज्यांचे आईवडील राहतात त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ‘इंदूरलाच नेऊ’ म्हणून इथे पोहोचेपर्यंत जो वेळ जातो त्याआधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी निघाला, त्याचा फोटो हृदयरोगतज्ज्ञाला गेला आणि इंजेक्शन मिळाले, तर हृदयाचा बराच स्नायू वाचू शकतो.

तेव्हा होकारार्थी ईसीजीवर भरवसा टाकून धावत सुटावे. नकारार्थी ईसीजीवर मात्र तेवढा भरवसा टाकू नये, आणि रुग्णाकडे, त्याच्या घामाकडे, दुसऱ्या पट्टीकडे आणि ट्रोपोनिनकडे पाहत राहावे. ही दोन उत्तरे सारख्या वजनाची नाहीत, हे त्या रात्री तुम्हाला कोणीतरी सांगायला हवे होते.

मी नवखी असताना ज्या रुग्णालयात होते तिथे ईसीजी काढणारे एक वयस्क तंत्रज्ञ होते. पट्टी डॉक्टरच्या हाती दिल्यावर ते रुग्णाच्या अंगावरच्या तारा काढत नसत. पुढचा रुग्ण थांबला आहे म्हणून मी एकदा घाई केली, तर ते शांतपणे म्हणाले, “बाई, तारा राहू द्या, अजून दुखतंय त्यांचं.” वीस मिनिटांनी त्यांनी कोणी न सांगता दुसरी पट्टी काढली आणि माझ्यासमोर पहिलीशेजारी ठेवली. दोन्हींतला फरक मला दिसला. तो रुग्ण बडनगरकडचा शेतकरी होता. मी त्याला पोटाच्या तक्रारीच्या गोळ्या लिहून द्यायला घेतल्या होत्या. ती चूक घडता घडता राहिली ती माझ्या हुशारीने राहिली नाही, आणि हे मला अजून आठवते.

म्हणून तुमच्या मोठ्या दिरांना माझे सांगणे असे आहे. तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे रागाच्या भरात या आठवड्यात निर्णय घेण्याची गरज नाही. आधी दोन्ही ठिकाणची कागदपत्रे लेखी मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मग दोन्ही पट्ट्या, त्यांच्या वेळांसह, या प्रकरणाशी संबंध नसलेल्या एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला शेजारी शेजारी ठेवून दाखवा. त्यांना ‘हा ईसीजी नॉर्मल आहे का’ एवढेच विचारू नका. ५३ वर्षांचा पुरुष, छातीत जळजळ, डावा हात जड, एवढे कळल्यावर एकच पट्टी काढून, ट्रोपोनिन न करता, तासभरही न थांबवता घरी पाठवणे योग्य होते का, असे विचारा. पट्टी नीट वाचूनही ती नॉर्मलच असेल तर वाचण्यात दोष नाही, पण माणसाला घरी पाठवण्याच्या निर्णयात असू शकतो. कागद न पाहता मी कोणालाही दोषी ठरवणार नाही. मला स्वतःला असे वाटते की खटल्याआधी त्या डॉक्टरांना एक पत्र लिहावे, घडले ते सगळे त्यात सांगावे, आणि यापुढे छातीत दुखणाऱ्यांसाठी दुसऱ्या ईसीजीची पद्धत तिथे सुरू होईल का असे विचारावे. काही डॉक्टर असे पत्र आयुष्यभर विसरत नाहीत. त्याला उत्तरच आले नाही तर पुढचा मार्ग खुला आहेच.

दिरांना आणखी एक गोष्ट सौम्यपणे पण जरूर सांगा. छातीत त्रास चालू असताना टीएमटी करायची नसते. पट्ट्यावर चालवून हृदयावर ताण देण्याची ती तपासणी स्थिर माणसासाठी आहे. अटॅक चालू असताना तीच जिवावर बेतू शकते. शेजाऱ्यांनी त्या सकाळी योग्य केले.

आता सासूबाईंचा हट्ट. त्यांची भीती खरी आहे. मुलाचे झाले ते पाहून आईचे काळीज थरकापणारच, त्यामुळे त्यांना उडवून लावू नका. पण दर महिन्याचा ईसीजी त्यांचे रक्षण करणार नाही, कारण काही त्रास नसताना आडवे झोपून काढलेला ईसीजी, वाहिन्यांत मोठे अडथळे असूनही, पूर्ण नॉर्मल येऊ शकतो. त्या नॉर्मल पट्टीचा धोका तुम्ही स्वतः अनुभवला आहे: पुढे कधी त्रास झाला तर ‘परवाच तर काढला होता’ असे म्हणून घरात वेळ जाईल. त्याऐवजी त्यांचा एक चांगला ईसीजी काढून जपून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल, आणि उरलेला उत्साह साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवण्याकडे वळवा. ईसीजी काढताना त्या संकोचतील. आपल्याकडे बायका पदर बाजूला करायला अवघडतात आणि मग तंत्रज्ञही घाईने छातीवरचे इलेक्ट्रोड वर-खाली लावतो. एखाद्या बोटाचे अंतर चुकले तरी रेषा बदलते. महिला तंत्रज्ञ मागून घ्या आणि सोबत थांबा.

त्याहून महत्त्वाचे असे की मधुमेही, वयस्क आणि विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत अटॅक छातीतल्या कळेविना येऊ शकतो. अचानक धाप लागणे, अंगाला दरदरून घाम सुटणे, मळमळ किंवा उलटी, जबड्यात, पाठीत अथवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, एकाएकी हातपाय गळून जाणे, यांतले काहीही त्यांना झाले तर दहा मिनिटांत ईसीजी मिळेल अशा ठिकाणी न्यायचे. आपल्या इंदुरात छातीतल्या प्रत्येक जळजळीचे खापर आदल्या रात्रीच्या सराफा बाजारातल्या खाण्यावर किंवा सकाळच्या पोहे-शेववर फोडण्याची सवय आहे. पण हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्याला टेकलेला असतो आणि तिथला अटॅक हुबेहूब अ‍ॅसिडिटीसारखा वाटतो. पाचक घेतल्यावर बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे, असेही सिद्ध होत नाही.

मुलाच्या घड्याळाबद्दल थोडेच सांगते. ते एकाच लीडचा ईसीजी काढते. ठोक्यांची अनियमितता त्यात सापडू शकते आणि ते उपयोगी आहे, पण ते हार्ट अटॅक ओळखत नाही, असे ती घड्याळे बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. बारा बाजूंनी पाहूनही तुमच्या यजमानांची सर्कमफ्लेक्स निसटली होती; एका बाजूने काय दिसणार? त्याच्या मनातली काळजी मोलाची आहे, तिला जरा वेगळे काम द्या. घरापासून कोणत्या रुग्णालयात रात्रीही अँजिओप्लास्टी होते, तिथल्या तातडीच्या विभागाचा नंबर काय, रात्री किती वेळात पोहोचता येते, हे त्याने प्रत्यक्ष चौकशी करून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावावे, आणि त्याच कागदावर १०८ आणि ११२ हे नंबर लिहावेत. सगळ्यांचे जुने ईसीजी आणि औषधांची यादी त्याने फोनमध्ये ठेवावी. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची पद्धत, म्हणजे सीपीआर, त्याने शिकून घ्यावी. जोरजोरात खोकून अटॅक थांबतो असा जो संदेश मोबाइलवर फिरतो, तो कृपया घरातून पुढे जाऊ देऊ नका.

पुन्हा तशी वेळ आली, तुमच्यावर किंवा हे वाचणाऱ्या कोणावरही, तर रुग्णाला जिना चढायला-उतरायला लावू नये, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नये, आणि त्याने स्वतः गाडी चालवू नये. अ‍ॅस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची मात्रा चावून खायला द्यावी. मात्र त्याची अ‍ॅलर्जी असेल, पोटात रक्तस्राव झालेला असेल किंवा बोलणे अडखळून तोंड वाकडे झाले असेल तर देऊ नये. तापासाठी घरात असलेली पॅरासिटामॉलची गोळी हे काम करत नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शेजाऱ्यांकडून मागून देऊ नये, कारण काही प्रकारच्या अटॅकमध्ये तिने रक्तदाब एकदम कोसळतो. तुमच्या यजमानांना ती कधी घ्यायची ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारून ठेवा. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला, तर न भांडता, न लाजता एवढे विचारायचे: ‘दुसरा कधी काढणार? ट्रोपोनिन करणार का, आणि ते पुन्हा कधी? पाठीवरच्या लीड घेता येतील का? घरी पाठवत असाल तर कोणत्या लक्षणांवर लगेच परत यायचे?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आता पहाटे साडेतीनचा प्रश्न, जो तुम्ही शेवटी लिहिला आहे आणि बहुधा त्यासाठीच हे पत्र लिहिले आहे. त्या पाच तासांनी काहीच फरक पडला नाही असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरे नाही, आणि ते खरे नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. वाहिनी बंद असताना स्नायू तासागणिक निकामी होत जातो. साडेतीनला निघाला असतात तर बरे झाले असते. पण ‘माझ्यामुळे’ हा शब्द मला मान्य नाही. तुम्ही त्या रात्री दुर्लक्ष केले नव्हते. सव्वाबाराला यजमानांना घेऊन दवाखान्यात गेलात, तपासणी करून घेतलीत, आणि ज्यांना कळते त्यांनी सांगितलेला शब्द प्रमाण मानलात. पुन्हा घाम आला तर परत या, एवढे एक वाक्य तुम्हाला सांगितले गेले असते तर तुम्ही दूध तापवून थंड करायला स्वयंपाकघरात गेला नसता, हे तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीवरून मला दिसते. त्या क्षणी तुम्ही नवऱ्याला धीर देत होता, आणि हातात जो आधार होता तोच पुढे केलात.

आणि ४५ हा आकडाही अखेरचा समजू नका. अटॅकनंतर स्नायूचा काही भाग मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, आणि रक्तपुरवठा सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तो पुन्हा हलू लागतो. म्हणून साधारण सहा ते बारा आठवड्यांनी इको पुन्हा करतात. दोन महिने होत आले आहेत, तर पुढच्या भेटीत त्याबद्दल विचारा. तोवर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, एक दिवसही चुकवू नका. नव्या स्टेंटमध्ये गुठळी धरू नये म्हणून त्या आहेत. दाताच्या किंवा दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी त्या थांबवायला सांगितल्या, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. यजमान तंबाखू खात असतील तर ती आजच सुटायला हवी.

ती पट्टी फाडू नका, ताई. ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जातो आणि काही महिन्यांत, विशेषतः आपल्या माळव्याच्या उन्हाळ्यात, त्यावरच्या रेषा फिक्या पडत जातात. तेव्हा आजच तिची झेरॉक्स काढा आणि फोनमध्ये फोटो घ्या. झेरॉक्सच्या मागे पेनाने लिहा: तारीख, वेळ सव्वाबारा, त्रास तेव्हा कमी झाला होता. तिच्यामागे सकाळी साडेआठची आणि घरी सोडतानाची पट्टी लावा. पुढे कधी यजमानांच्या छातीत काही वाटले तर नव्या ईसीजीतला कोणता बदल जुना आणि कोणता ताजा, हे ओळखायला डॉक्टर सर्वांत आधी याच तीन पट्ट्या मागतील.